पहिली टाकी

खोकं एवढं मोठं, की कुरियरवाल्याने विचारलं,
"फ्रिज मागवलात?"
"गाडी," मी म्हटलं. तो हसला नाही.
इकडे पटकन कोणी हसत नाही,
ऑक्टोबरात तर नाहीच.

वजन पंधरा किलो. खऱ्या गाडीच्या एक पंचमांश.
टेबलावर चढवली तेव्हा टेबल कण्हलं,
दातेरी टायर लोण्याच्या डबीला टेकला.
पेट्रोलमध्ये तेल मिसळलं, पंचविसास एक,
ज्या मापाने हेइनोला खोकल्याचं औषध द्यायचे
त्याच मापाने.
ते आता कपाटात परत जायचं नाही.

शेजारचा तिमोफेय आला, वय बारा,
त्याचं एस्टोनियन मोडकं, माझं रशियन गंजलेलं,
कार्ब्युरेटर हा शब्द मात्र
दोघांचाही पक्का.

राखेच्या डोंगराखाली गेलो.
हा डोंगर थोडा मीही रचलाय:
सव्वीस वर्षं, डंपरच्या केबिनमधून,
तेलखडक जळून जे उरायचं
ते खेपेखेपेने इथे ओतलं.
आता त्यावर बर्च उगवलेत, पिवळेजर्द,
आणि रविवारी लांबलांबची माणसं वर चढून
आमच्या उकिरड्यासोबत फोटो काढतात.

रिमोट बंद पडला तर ब्रेक लागतो ना,
दोनदा तपासलं.
मग दोरी ओढली. काही नाही.
चोक देऊन ओढली. काही नाही.
सहाव्या झटक्याला खांदा बोलला,
आठव्याला मी बोलले,
असा एक शब्द, की तिमोफेयने
त्याचा रशियन उच्चार दुरुस्त करून दिला.
मग तोच खाली वाकला
आणि बोटाने लाल बटण दाखवलं.
बंद.
चाळीस टनी धूड हाकणारी मी,
आणि बटण बंद!

प्लग ओला झालेला. काढला, पुसला, फुंकला.
नवव्याला पकडलं तिने:
आधी ठसका, मग निळा धूर,
मग डब्यात कोंडलेल्या गांधीलमाशीचा तो आवाज.
वरचे कावळे सगळे एकदम उठले.

पुस्तिकेत लिहिलंय, पहिली टाकी हळू.
मी हळूच चालवली. खरंच.
सहा मिनिटं.

पुढे बोट घसरलं,
कोणी विचारलंच तर हेच सांगणार आहे.

खडी उधळत ती चढाला भिडली
आणि काठावरून सुटली,
चारी चाकं आभाळात, गरागरा.
माझ्या पोटात खड्डा.
डंपर कधी उडत नाही,
उडाला तर पेपरात येतं.
आणि सीट सगळं सांगायची तेव्हा,
कुठे रुतलंय, कुठे सरकतंय, पाठीच्या कण्यातून.
इथे रिमोट गप्प.
कंप होता हातात, पण तो माझाच.

लांब जाताना सोपं असतं,
डावं ते डावं.
वळून ती माझ्याकडे निघाली
तशी सगळी उलटापालट:
डावीकडे म्हणावं तर उजवीकडे जाते,
सावरावं तर आणखी अंगावर येते.
"लेइदा मावशी, आत बसा!" तो ओरडला,
"आत बसलाय असं समजा!"

बसले.
आणि काचेतून दिसली एक म्हातारी,
लाल टोपी, पाय फाकवून उभी,
हातात काहीतरी घट्ट धरलेलं,
हलायचं सुचत नाहीये तिला.
कोणी उभं केलं हिला इथे मध्येच?
मी चाक फिरवलं, उजवीकडे, पूर्ण.
जेमतेम चुकवली.
तिच्या बुटांवर राख उडाली तेवढीच.

टाकी संपली तेव्हा ती चिखलात थांबली,
सायलेन्सर तडतडत, वाफाळत.
कावळे एकेक करून परत आले.
तिमोफेयने टाकी भरली,
एक थेंब सांडला नाही पोराने.
मग बाह्या वर करत
काहीतरी विचारलं, रशियनमध्ये.
"पाळी" असा काहीसा शब्द होता.

माझं रशियन, सांगितलं ना, गंजलंय.
मी दोरी ओढली.
पहिल्याच झटक्याला.